धन्याची वाट पाहणारा चाकर

शास्त्रपाठ : मत्तय 24:36–51, याकोब 5:1–9, 2 थेस्सलनीकाकर 3:6–13

गेल्या वर्षी मृगाच्या सुमारास आम्ही पुण्याहून एका खेड्यातील मंडळीस भेट देण्यास गेलो होतो. उपासना आटोपल्यावर मंदिराच्या ओट्यावर सर्वजण बसले असता एक वृद्ध बाई पुढे आल्या व आपली अडचण सांगू लागल्या. त्यांच्या नातीस तालुक्याच्या गावी अकरावीस घालावयाचे होते. त्यासाठी त्यांनी एक शेळी विकून पैसे उभे केले होते. परंतु त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर कोणी एक निरोप धाडला होता की, जगातील सर्व चिन्हे पूर्ण झाली असून नाताळापूर्वी प्रभु येणार. तेव्हा मुलाचे म्हणणे पडले की, आता शाळा कशास? हे पैसे घरखर्चास ठेवावे. मुलगी कोपऱ्यात उभी राहून सर्व ऐकत होती.

आम्ही शास्त्र उघडले. तो दिवस व ती घटका कोणासही ठाऊक नाही, स्वर्गातील दूतांसही नाही, हे मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातून दाखविले. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 1 यातील प्रभूचे उत्तर दाखविले. पेत्राच्या दुसऱ्या पत्रातीलही एक वचन वाचले. बाईंनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाल्या, “त्ये समदं खरं हाय, साहेब. पन फी भरू का नको?”

आम्ही मनात खजील झालो. प्रभु केव्हा येणार, हा त्या बाईंचा प्रश्नच नव्हता. तो येणार आहे हे त्या आमच्याइतक्याच निश्चयाने मानीत होत्या. तोवर हातातील पैशाचे, हातातील दिवसाचे काय करावे, एवढेच त्यांस विचारावयाचे होते. पुण्यास परत येताना आम्ही हे सर्व उतारे पुन्हा वाचले, तेव्हा आमच्या ध्यानात आले की, या विषयावर शास्त्र बहुतेक ठिकाणी त्या बाईंच्याच प्रश्नास उत्तर देते. आमच्यासारखे लोक मात्र भलत्याच प्रश्नाचे उत्तर देत बसतात.

मत्तयाचा चोविसावा अध्याय घ्या. लढाया, दुष्काळ, भूकंप ही वचने आपल्या लोकांस तोंडपाठ असतात, आणि पुष्कळांचे वाचन तेथेच थांबते. पण अध्याय तेथे संपत नाही. त्याच्या शेवटी प्रभु एका चाकराची गोष्ट सांगतो. धनी बाहेरगावी गेला आहे आणि त्याने या चाकराकडे एक काम सोपविले आहे. ते काम कोणते? आकाशाकडे पाहणे नव्हे, तर घरच्या माणसांस वेळेवर जेवण देणे. धनी आला तेव्हा हा चाकर वाढीत होता, म्हणून तो धन्य ठरला. इतके साधे काम!

आता वाईट चाकराकडे पाहा. त्याने दिवस मोजण्यात चूक केली, असा त्याच्यावर आरोप नाही. धन्यास उशीर लागत आहे, एवढेच त्याने मनात आणले. आणि मग सोबतीच्या चाकरांस मारावयास व दारूबाजांबरोबर खाण्यापिण्यास आरंभ केला. त्याचे पाप पंचांगातील नव्हे, स्वयंपाकघरातील आहे. येथे आम्हास एक गोष्ट सांगावीशी वाटते. प्रभु इतक्यात येत नाही असे म्हणणारा, आणि तो उद्याच येणार म्हणून हातपाय गाळून बसणारा, हे दोघे एकमेकांच्या अगदी उलट बोलतात खरे. परंतु दोघांच्याही घरची माणसे उपाशीच राहतात.

तारखा सांगणारे लोक काही आजचे नव्हेत. अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा एक शेतकरी उपदेशक होता. त्याच्या गणितावरून त्याच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस निश्चित केला. हे लोक ढोंगी नव्हते. त्यांचा विश्वास मनापासून होता. काहींनी तर तयार पीक न काढता शेतात तसेच राहू दिले. तो दिवस गेला, रात्र गेली, आणि सकाळी सूर्य नेहमीप्रमाणे उगवला. त्यांच्या दुःखास पारावार राहिला नाही. आमच्या काळातही एका अमेरिकन रेडिओ प्रचारकाने 21 मे 2011 ही तारीख दिली होती आणि तिच्या जाहिराती अनेक देशांत लागल्या होत्या. कित्येकांनी आपली शिल्लक त्यात घातली. तोही दिवस गेला. अशा वेळी नुकसान केवळ पैशाचे होत नाही. ज्यांनी भोळेपणाने विश्वास ठेविला त्यांच्यापैकी काहींचा मूळ वचनावरचाच विश्वास डळमळतो, आणि शेजारीपाजारी हसतात ते निराळेच. म्हणून आमच्या उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की, असा निरोप मोबाइलवर आला म्हणजे तो पुढे धाडू नये. तो कोणी लिहिला हे आपणास ठाऊक नसते. पण आपण धाडला म्हणजे मंडळी तो आपल्या नावावर खरा मानते.

थेस्सलनीका येथील मंडळीत हाच रोग पहिल्या शतकात शिरला होता. ती मंडळी नवी होती, प्रेमळ होती; परंतु तिच्यातील काहींनी कामधंदा सोडला होता आणि रिकामपणी ते इतरांच्या घरांत लुडबूड करीत फिरत होते. त्यांस पौल काय सांगतो? आपले काम निमूटपणे करावे आणि आपल्या कमाईची भाकर खावी. हे सांगण्याचा अधिकार त्याने श्रमाने मिळविला होता. तो स्वतः तंबू शिवण्याचा धंदा करी (प्रे. कृ. 18:3), आणि कोणावर भार पडू नये म्हणून रात्रंदिवस राबत असे. प्रभूच्या येण्याविषयी ज्या मंडळीस त्याने सर्वांत अधिक लिहिले, तिलाच कष्टाविषयीही इतके निक्षून लिहिले. हा योगायोग नव्हे.

परंतु आमच्या मते खेड्यातील बांधवांस या विषयाचा उत्तम धडा याकोबाने दिला आहे, कारण तो शेतकऱ्याचे उदाहरण घेतो. प्रभु येईपर्यंत धीर धरा असे सांगून तो म्हणतो की, शेतकऱ्याकडे पाहा. तोही आधीच्या व नंतरच्या पावसाची वाट पाहतोच ना? आता वाट पाहणे म्हणजे काय, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. मृग कोरडा गेला तर तो आभाळाकडे पाहतो. पण त्याआधी त्याने नांगरट केलेली असते, ढेकळे फोडलेली असतात, बी निवडून ठेविलेले असते. पेरणी झाली म्हणजे खुरपणी आहे, कोळपणी आहे. जोंधळा हुरड्यास आला म्हणजे माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकावयाची आहेत. पाऊस त्याच्या हातात नाही. बाकी सर्व त्याच्या हातात आहे, आणि ते तो करितो. ज्याने नांगरलेच नाही तो पावसाची वाट पाहत आहे असे आपण म्हणत नाही. त्याच्या शेतात पाऊस आला तरी तणच उगवावयाचे.

याच अध्यायाच्या आरंभी आणखी एक गोष्ट आहे. ती सहसा वाचली जात नाही, निदान ज्यांच्याकडे चार एकर अधिक आहे त्यांच्या घरी तरी नाही. धीर धरण्याची आज्ञा देण्यापूर्वी याकोब ज्यांनी कापणी करणाऱ्यांची मजुरी अडवून ठेविली त्यांस फटकारतो. ती अडविलेली मजुरीच ओरडते आहे आणि तिची हाक सैन्यांच्या प्रभूच्या कानी गेली आहे, असे तो सांगतो. मग लगेच, तुम्ही एकमेकांविरुद्ध कुरकुर करू नका, न्यायाधीश दाराशी उभा आहे, असे म्हणतो. पाहा, प्रभूचे येणे, मजुराची मजुरी आणि घरातील कुरकुर ही तिन्ही त्याने एका धाग्यात ओविली आहेत. आपल्याकडे असे लोक आहेत की ते प्रभु लवकर ये म्हणून मोठ्याने प्रार्थना करितात, आणि खुरपणीस आलेल्या बायांस मात्र, पुढच्या बाजारी या, पैसे तेव्हा देऊ, असे सांगतात. प्रभु खरोखरच पुढच्या बाजारापूर्वी आला तर त्या हिशोबाचे काय होणार, हा विचार त्यांच्या मनास शिवत नाही. भावाभावांत बांधावरून चाललेला तंटा, वर्षानुवर्षे अबोला धरिलेली सून व सासू, वाण्याची उधारी, हेही याच सदरात पडते.

येथे आमच्या पुण्यातील एक गोष्ट सांगतो. वडील माणसे ती अजून विसरलेली नाहीत. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले. धरणाचे काम पुरते झालेले नव्हते, पावसाने पाणी चढत होते, आणि बांध खचू लागला होता. आदल्या रात्री सैन्याचे जवान तेथे वाळूची पोती भरून रचीत होते. पावसात, अंधारात, पुढे काय होणार हे ठाऊक नसता, ते रात्रभर राबले. बांध टिकला नाही. सकाळी तो फुटला, त्या लोंढ्याने पुढे खडकवासल्याचे जुने धरणही फोडले, आणि मुठेचे पाणी नारायण, शनिवार आदिकरून नदीकाठच्या पेठांत शिरले. घरे पडली, संसार वाहून गेले, शेकडो माणसे दगावली. परंतु बांध मध्यरात्री न फुटता दिवसाउजेडी फुटला, म्हणून असंख्य लोकांस वर टेकाडाकडे पळावयास सापडले. ते काही तास जवानांच्या पोत्यांनी मिळवून दिले, असे पुण्यात कृतज्ञतेने सांगतात. नोहाच्या काळी जसे लोक बेसावध होते तसेच त्या दिवशीही असतील, असे प्रभूने म्हटले आहे. बेसावध नसणे म्हणजे काय, हे समजावयाचे असेल तर त्या रात्रीची आठवण करावी. जागे तर शहरातही पुष्कळ असतील. पोती भरणारे जागे होते ते कामाचे.

आता एका ख्रिस्ती बाईंचे उदाहरण थोडे विस्ताराने देतो, कारण त्यांचे काम पुण्यातही झाले व पुण्याजवळच्या खेड्यातही झाले. पंडिता रमाबाई यांचे नाव आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईस विधवांसाठी शारदा सदन काढले, आणि पुढील वर्षी ते पुण्यास आणिले. अमेरिकेतील बोस्टन येथे त्यांच्या साह्यासाठी जी मंडळी स्थापन झाली होती तिने दहा वर्षांपुरता मदतीचा हात पुढे केला होता. दहा वर्षे संपल्यावर काय, हा विचार रमाबाईंनी आधीच केला. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या आगगाडीच्या रस्त्यावर केडगाव येथे त्यांनी माळजमीन विकत घेतली, विहिरी खणविल्या आणि फळझाडे लाविली. हेतू हा की बागेच्या उत्पन्नावर पुढे सदन चालावे. झाड लावणाऱ्यास फळासाठी वर्षे थांबावे लागते. यिर्मयाने यरुशलेमेस वेढा पडला असताना अनाथोथचे शेत मोल देऊन, खरेदीखत करून, साक्षीदारांदेखत घेतले (यिर्म. 32), त्याच जातीचे हे काम होय.

पुढे 1896–97 चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. उपाशी, निराधार मुली रस्त्यांवर व दुष्काळी छावण्यांत कशा नासल्या जातात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि सुमारे तीनशे मुली-बायांस आश्रय दिला. इकडे पुण्यात तेव्हा प्लेग चालू होता. शहरात इतक्या मुली ठेवू देण्यास सरकारी अधिकारी तयार नव्हते. तेव्हा त्यांस केडगावच्या त्या माळावर नेऊन तंबूंत व झोपड्यांत ठेविले. जी जमीन बागेसाठी घेतली होती, ती तीनशे जिवांचे घर झाली, आणि तेच मुक्ती मिशन होय. कोणत्या कामासाठी देव आपली आजची मेहनत वापरील हे आधी कळत नाही. रमाबाईंसही कळले नव्हते. त्यांनी झाडे लाविली होती.

त्याच प्लेगात पुण्यात आणखी एक बाई मरण पावल्या, त्यांचे नाव येथे घेतल्यावाचून राहवत नाही. सावित्रीबाई फुले. त्या आपल्या मंडळीच्या नव्हत्या. मुंढव्याहून एका प्लेग झालेल्या मुलास पाठीवर घेऊन त्या आपला मुलगा डॉक्टर यशवंत यांच्या दवाखान्यात आल्या. त्यांसही प्लेगाने गाठले, आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचा अंत झाला. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात राजा सिंहासनावर बसल्यावर जे प्रश्न विचारतो, ते आजाऱ्याविषयी, भुकेल्याविषयी आणि परक्याविषयी आहेत. आम्ही कोणाच्या निकालात हात घालीत नाही. पण तो उतारा वाचताना पाठीवरचे ते मूल आमच्या डोळ्यांपुढे येते आणि ख्रिस्ती म्हणविणाऱ्या आम्हास लाज वाटते.

पुन्हा केडगावास जाऊ. 1900 च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. तेवढ्यांस रोज जेवण द्यावयाचे, म्हणजे चोविसाव्या अध्यायातील चाकराचेच काम, पण केवढ्या मोठ्या घरात! मुली विणणे, शिवणे, शेत, दूधदुभते, छापखाना अशी कामे शिकल्या. 1905 साली तेथे मोठे आत्मिक जागरण झाले व त्याची वार्ता परदेशापर्यंत गेली. लोक त्या जागरणाचे वर्णन पुष्कळ करितात. आम्हास मात्र त्याच सुमारास हाती घेतलेले एक मुकाट काम अधिक मोठे वाटते. रमाबाईंनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यास घेतले.

शास्त्र मराठीत नव्हते असे नाही. पण त्याची भाषा संस्कृत वळणाची असल्याने अडाणी बायांस ती कळत नसे. ज्यांनी बालपणापासून संस्कृत मुखोद्गत केले होते त्या विदुषीनेच साध्या मराठीसाठी कष्ट घ्यावे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्यासाठी त्यांनी उतारवयात इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या मुलीच होत्या. दुष्काळातून आलेल्या कित्येकींनी येथेच अक्षरओळख करून घेतली होती. दीड तपाहून थोडे कमीअधिक इतका काळ हे काम चालले. प्रभु येणार म्हणून रमाबाई थांबल्या नाहीत. आणि प्रभु येणार हे विसरूनही त्यांनी ते केले नाही.

24 जुलै 1921 रोजी त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा मिरज येथे मरण पावली. आपल्यामागे काम हीच चालवील अशी आईची आशा होती. रमाबाईंचे स्वतःचे शरीर तेव्हा थकले होते. तरीही त्यांनी पुन्हा मुद्रिते पुढे ओढली. शेवटची मुद्रिते त्यांनी मरणाच्या अगदी थोडे दिवस आधी पुरी तपासली असे त्यांचे चरित्रकार सांगतात. 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूकडे गेल्या. छापून पूर्ण झालेला ग्रंथ 1924 साली बाहेर पडला; त्यांच्या हाती तो पडला नाही. त्यांच्यापुरते पाहिले तर धनी त्या रात्री आला, आणि चाकर मेजापाशी काम पुरे करून बसलेली सापडली. आपल्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत असेच होणार आहे. प्रभूच्या येण्याचा दिवस आणि आपल्या मरणाचा दिवस, यांपैकी कोणता आधी हे ठाऊक नसल्याने दोहोंची तयारी एकच आहे.

त्या वृद्ध बाईंस आम्ही शेवटी काय सांगितले, हे वाचक विचारतील. आम्ही म्हटले, “आजी, फी भरा. प्रभु नाताळापूर्वी आला तर नात शाळेत सापडेल, त्यात वावगे काय?” मुलगा काही बोलला नाही. पण आम्ही निघालो तेव्हा तो मुलीची पिशवी घेऊन मोटार थांब्यापर्यंत आला, आणि तालुक्याची मोटार किती वाजता सुटते हे त्याने दोनदा विचारले.

हा धडा मंडळीत शिकविणाऱ्या उपदेशक बंधूंस दोन शब्द सांगून पुरे करितो. प्रथम याकोबाचा उतारा पहिल्या वचनापासून वाचावा. सातव्यापासून आरंभ करू नये, म्हणजे मजुरीची वचने वगळली जाणार नाहीत. नंतर वर्गातील प्रत्येकास आपल्या घरातील एक अर्धवट राहिलेली गोष्ट मनात आणावयास सांगावे : द्यावयाची मजुरी, तुटलेला अबोला, अर्ध्यावर सोडलेले मुलीचे शिक्षण, परत न केलेले जोते किंवा बी. ती मोठ्याने बोलून दाखविण्याची सक्ती करू नये, आणि पैशाचा आकडा तर चारचौघांत मुळीच विचारू नये. आमच्या पाहण्यात असे एकदा झाले आणि तो मनुष्य पुन्हा वर्गास आला नाही. पुढच्या रविवारपर्यंत ज्याने त्याने ती एक गोष्ट उरकावी. उपदेशकाने आपलीही एक निवडावी आणि ती कोणती हे मंडळीस आधीच सांगावे.